सिमेंटच्या जागी तुसाची राख: पहिल्या चाळणीपासून २८ दिवसांच्या क्यूबपर्यंत

पुणे जिल्ह्यात मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या भाताच्या पट्ट्यात गिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग असतात. बारामती, इंदापूर, दौंडकडे साखर कारखान्यांच्या बॉयलरखालून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख निघते. या दोन्ही राखांत सिलिका असते. राख नीट जळालेली आणि बारीक दळलेली असेल, तर काँक्रीटमधल्या सिमेंटपैकी १० ते १५ टक्के सिमेंट तिने बदलता येते आणि ताकद कमी होत नाही. नीट जळालेली नसेल, तर तेच काँक्रीट बिघडते. काँक्रीटसाठीची आपली मूळ संहिता, आयएस (भारतीय मानक) ४५६:२०००, तुसाच्या राखेला परवानगी देते. पण त्याच ठिकाणी असेही बजावते की प्रत्येक ठिकाणची राख तपासूनच घ्या, कारण ती काँक्रीटमध्ये गाळाइतकीच घातक ठरू शकते. म्हणून या लेखात मिश्रणापेक्षा राखेच्या पारखीला जास्त जागा दिली आहे. मिश्रण करणे सोपे आहे, राख ओळखणे अवघड.

राख नेमके काय करते

सिमेंट आणि पाणी एकत्र आले की ताकद देणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि त्याच्याबरोबर चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सुटतो. हा चुना ताकदीला फारसा उपयोगी पडत नाही. राखेतली सिलिका याच चुन्याशी संयोग पावते आणि तोच ताकद देणारा पदार्थ आणखी तयार करते. काँक्रीटमधली बारीक छिद्रेही त्यामुळे बुजतात.

यासाठी तीन गोष्टी लागतात. सिलिका स्फटिकरूप नसावी, तिची रचना काचेसारखी विस्कळीत असावी. तिचे कण बारीक असावेत. आणि काँक्रीटमध्ये पुरेसे दिवस ओल टिकावी, कारण ही क्रिया सावकाश होते. पुढे जे जे बिघडते म्हणून सांगितले आहे, त्यातले बहुतेक या तिन्हींपैकी एखादी गोष्ट चुकल्यामुळे बिघडते.

राख कुठून घ्यायची, कुठून नाही

भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग तूस निघते आणि तूस जाळले की त्याच्या साधारण पाचवा भाग राख उरते. म्हणजे एक टन भातामागे २०० किलो तूस आणि ४० किलो राख. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते. शेतीतल्या दुसऱ्या टाकाऊ मालात सहसा इतकी सिलिका सापडत नाही, म्हणून सुरुवात तुसाच्या राखेपासून करावी.

सगळा खेळ तापमानाचा आहे. ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, भरपूर हवा देऊन जाळलेल्या तुसातून विस्कळीत रचनेची, चुन्याशी लवकर क्रिया करणारी सिलिका मिळते. तापमान ८०० अंशांच्या पुढे जाऊन तिथेच टिकले तर सिलिकाचे स्फटिक बनू लागतात. अशी राख दिसायला गोरी असली तरी काँक्रीटमध्ये निव्वळ बारीक वाळूचे काम करते. उलट हवा कमी पडली तर कोळसा उरतो आणि राख काळी राहते.

यात एक बारकावा नव्याने शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तुसात पोटॅशियम असते. तूस एकदम जोरात तापले तर या पोटॅशियममुळे कणाचा पृष्ठभाग वितळतो आणि आतला कोळसा बंदिस्त होतो. मग ती राख पुन्हा कितीही भाजली तरी आतून काळीच राहते. म्हणून राख मिळाल्यावर मूठभर राख पातळ थरात पसरून ६०० अंशांवर दोन तास भाजून बघावी. रंग राखाडीकडे वळला तर कोळसा मोकळा होता आणि राख सुधारता येईल. काळीच राहिली तर ती राख सोडून द्यावी.

वीटभट्टीची राख घेऊ नका. तिथे तापमानावर ताबा नसतो, आणि तुसाबरोबर दगडी कोळसा व माती मिसळलेली असते. शेतात उघड्यावर पेटवलेल्या ढिगाची राखही नको. ढिगाच्या आत हवा पोचत नाही, बाहेरून मात्र जास्त तापते, म्हणून एकाच ढिगात तीन प्रकारची राख निघते. शिवाय त्या धुराचा त्रास गावाला होतो. तुसावर चालणाऱ्या बॉयलरची राख चालते, मात्र बॉयलर चालवणाऱ्याला विचारा: जळणात फक्त तूस असते की लाकूड, कोळसा, भुईमुगाची टरफले असेही काही असते? जळण महिन्या-महिन्याला बदलत असेल तर राखही बदलते.

बगॅसच्या राखेचे प्रकरण थोडे वेगळे आहे. हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ती भरपूर मिळते. पण तिच्यात सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी असते, आणि त्यातलीही काही सिलिका म्हणजे उसाबरोबर शेतातून आलेली माती-वाळू असते. तिच्यात न जळालेले धाग्यांचे काळे तुकडेही बरेच असतात. हे तुकडे मोठे आणि हलके असल्याने चाळून काढता येतात. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनात ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून मग सिमेंटइतकी बारीक दळलेली बगॅसची राख चांगली ठरली आहे. तीच पद्धत इथेही धरावी.

कारखान्यावर गेलात तर एक चौकशी न चुकता करा. ज्या कारखान्यांना आसवनी जोडलेली आहे, तिथे स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीतले सांडपाणी, जाळणारा वेगळा बॉयलर असू शकतो. त्याच्या राखेत पोटॅश इतके असते की ती पोटॅश खत म्हणून विकली जाते. ती काँक्रीटमध्ये अजिबात घालू नका, कारण इतके अल्कली काँक्रीटला पेलत नाहीत. दोन्ही राखा शेजारी-शेजारी पडलेल्या असतात आणि भरणाऱ्याला फरक ठाऊक असेलच असे नाही. मळी सांडलेल्या आवारातली किंवा प्रेसमडच्या (उसाच्या रसातून काढलेल्या गाळाच्या) ढिगाशेजारची राखही टाळा. थोडीशी साखरसुद्धा सिमेंटचे जमणे लांबवते.

वाळवणे, चाळणे, दळणे

कारखान्याची राख बहुधा ओली येते, कारण ती पाण्याने विझवतात. ओली राख तोलली तर वजन खोटे येते. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. भट्टी नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस उलटीपालटी करावी आणि मग एक किलो तव्यावर तापवून किती वजन घटते ते पाहावे. एक टक्क्याहून जास्त घट आली तर आणखी वाळवा. वाळलेली राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. वर राहिलेले काळे धागे आणि खडे टाकून द्या, दळून आत ढकलू नका.

दळण्यासाठी बॉल मिल हवी. पिठाच्या गिरणीत राख नेऊ नका: पाती झिजतात, राखेत लोखंड-दगडाची भुकटी उतरते आणि धूळ सगळ्यांच्या छातीत जाते. चाचणीपुरती दहा-वीस किलो राख हवी असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत खडीची झीज तपासायचे लॉस एंजेलिस यंत्र असते. पोलादी गोळे घालून त्यात राख दळता येते. किती वेळ दळायचे हे घड्याळ पाहून ठरवू नका, चाळणीवर ठरवा. दहा ग्रॅम राख ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायची, वर उरलेली वाळवून तोलायची. फ्लाय ॲशसाठीच्या (औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेसाठीच्या) आयएस ३८१२ मध्ये ही मर्यादा ३४ टक्के आहे; तुसाच्या राखेसाठी आम्ही २० टक्क्यांच्या आत आणण्याचा आग्रह धरू. म्हणजे दहा ग्रॅममागे दोन ग्रॅमहून जास्त उरू नये. तुसाच्या राखेचा कण जाळीदार असतो, आत पोकळ्या असतात. तो नीट फोडला नाही तर मिश्रणातले पाणी तोच पिऊन टाकतो.

राख हाताळताना कमीत कमी एन-९५ दर्जाचा मास्क आणि चष्मा लावायलाच हवा. जास्त तापलेल्या राखेतली स्फटिकरूप सिलिका वर्षानुवर्षे श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधल्याने ही धूळ अडत नाही.

टिकलीची परीक्षा

प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी घरी करता येण्यासारखी ही चाचणी आहे आणि ती प्रत्येकाने करावी. ताजा, हवाबंद पिशवीतला विरीचा (विझवलेला) चुना एक भाग आणि दळलेली राख दोन भाग, वजनाने. हातमोजे घालून कोरडे मिसळा, मग थोडे थोडे पाणी घालून घट्ट मळा. बरणीच्या झाकणात दाबून पाच सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड टिकल्या करा. तितक्याच टिकल्या राखेऐवजी क्रश सॅण्डची चाळलेली बारीक भुकटी घालूनही करा; या तुलनेसाठी लागतात. दोन्ही प्रकारच्या टिकल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आठ दिवस उबदार जागी ठेवा. प्रयोगशाळेतल्या चुना-क्षमतेच्या, म्हणजे राख चुन्याशी किती क्रिया करते ते मोजण्याच्या, चाचणीतही नमुना आठ दिवस ५० अंशांवर ठेवतात, त्यामुळे गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या डब्यातली ऊब इथे कामाची आहे.

नवव्या दिवशी टिकल्या सोडून एक दिवस पाण्यात बुडवा. भुकटीची टिकली कडेने विरघळू लागेल, बोटाने दाबली तर चिखल होईल. चांगल्या राखेची टिकली पाण्यात जशीच्या तशी राहते, नखाने ओरखडा फारसा उठत नाही आणि मोडताना कट्‌कन आवाज येतो. राखेची टिकलीही भुकटीसारखीच विरघळली, तर त्या राखेत क्रियाशील सिलिका नाही. पुढचा खर्च करू नका.

टिकली पाण्यात टिकली तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत दोन किलो राख द्या आणि एवढे तपासून मागा: सिलिका, ॲल्युमिना व लोह यांची बेरीज, लॉस ऑन इग्निशन (खूप तापवल्यावर जळून घटणारे वजन), अल्कली, सल्फेट, क्लोराइड, आणि आयएस १७२७ प्रमाणे चुना-क्षमता. फ्लाय ॲशच्या मर्यादा मापदंड म्हणून धरा: बेरीज किमान ७० टक्के, लॉस ऑन इग्निशन कमाल ५ टक्के, सल्फेट कमाल ३ टक्के, अल्कली कमाल १.५ टक्के, क्लोराइड कमाल ०.०५ टक्के, चुना-क्षमता किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिमी. बगॅसची राख बहुतेक वेळा लॉस ऑन इग्निशनमध्येच नापास होते. तेव्हा पुन्हा चाळा, पुन्हा भाजा. एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी, करता आले तर उत्तम. आलेखावर २२ अंशांजवळ पसरट उंचवटा म्हणजे विस्कळीत सिलिका. तिथेच सुईसारखे टोक म्हणजे राख जास्त भाजली गेली आहे. २६.६ अंशांजवळचे टोक म्हणजे क्वार्ट्झ, बगॅसच्या राखेत ती बहुधा शेतातली वाळू.

सिमेंट कोणते

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. दुकानात नुसते «सिमेंट द्या» म्हटले की बहुधा पीपीसीचे पोते मिळते. त्यात कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मिसळलेली असते. तिच्यावर आणखी राख घातली तर चुना कमी आणि राख जास्त असा हिशेब होतो. सुरुवातीची ताकद घसरते. स्लॅग सिमेंटचेही तेच. पोत्यावर ओपीसी (साधे पोर्टलंड सिमेंट) ४३ किंवा ओपीसी ५३ आणि आयएस २६९ छापलेले आहे हे बघा, आणि उत्पादनाचा आठवडाही बघा. तीन महिन्यांहून जुने पोते चाचणीला घेऊ नका, नाहीतर दोष राखेचा की सिमेंटचा हे कधीच कळणार नाही.

एम-२० चे चाचणी मिश्रण

एकाच दिवशी, एकाच सिमेंट-खडीतून तीन मिश्रणे करा: राख शून्य, १० टक्के आणि १५ टक्के. शून्याचे मिश्रण केलेच पाहिजे. त्याच्याशिवाय बाकी दोन आकड्यांना अर्थ नाही. बगॅसची राख असेल तर १५ च्या पुढे पहिल्या खेपेला जाऊ नका.

एम-२० म्हणजे २८ दिवसांना २० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचे काँक्रीट; त्यासाठी लक्ष्य ताकद २६.६ न्यूटन येते (२० अधिक १.६५ गुणिले ४; ४ हा संहितेने धरलेला ताकदीतला चढउतार). मोशी-वाघोलीकडच्या खाणींची काळी खडी आणि क्रश सॅण्ड धरून, पृष्ठभाग कोरडा पण आतून पाणी प्यायलेल्या स्थितीत, एका घनमीटरला असा हिशेब बसतो:

शून्य टक्के: सिमेंट ३४० किलो, पाणी १७०, क्रश सॅण्ड ७४२, १० मिमी खडी ४९३, २० मिमी खडी ७३९ किलो.

१० टक्के: सिमेंट ३०६, राख ३४, पाणी १७०, क्रश सॅण्ड ७२८, खडी तीच.

१५ टक्के: सिमेंट २८९, राख ५१, पाणी १७०, क्रश सॅण्ड ७२१, खडी तीच.

तिन्हींत सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारे रसायन) सिमेंट-राखेच्या वजनाच्या ०.८ टक्के, म्हणजे २.७ किलो.

क्रश सॅण्ड का कमी झाली ते समजून घ्या. सिमेंटची सापेक्ष घनता ३.१५, तुसाच्या राखेची सुमारे २.१५. ३४ किलो सिमेंट १०.८ लिटर जागा घेते, ३४ किलो राख १५.८ लिटर. वाढलेले पाच लिटर वाळूतून काढले नाहीत, तर घनमीटर भरून सांडतो आणि प्रत्यक्षात सिमेंट ठरवल्यापेक्षा कमी पडते. याच कारणाने राख कधीही घमेल्याने मोजू नका. सिमेंटने भरलेले घमेले आणि राखेने भरलेले घमेले यांच्या वजनात मोठी तफावत असते, आणि राख किती दाबून भरली त्यावरही वजन बदलते. तुमच्या खडीची घनता वेगळी असेल तर आकडे आयएस १०२६२:२०१९ च्या पद्धतीने पुन्हा काढून घ्या.

नऊ क्यूबांसाठी, म्हणजे फोडून ताकद मोजायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठी (७, २८ आणि ५६ दिवसांना तीन-तीन) ३५ लिटर काँक्रीट पुरते. १० टक्क्यांच्या मिश्रणाला मग लागेल: सिमेंट १०.७१ किलो, राख १.१९ किलो, पाणी ५.९५ लिटर, क्रश सॅण्ड २५.५, बारीक खडी १७.३, मोठी खडी २५.९ किलो, सुपरप्लास्टिसायझर ९५ ग्रॅम. राख आणि सुपरप्लास्टिसायझर पाच ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला.

वाळूतल्या ओलाव्याची वजावट विसरू नका. समजा क्रश सॅण्डमध्ये तिने जितके पाणी प्यावे त्याहून तीन टक्के जास्त ओल आहे, २५.५ किलोमागे ते ७६५ मिलिलिटर पाणी झाले. तेवढे पाणी ५.९५ लिटरमधून कमी करायचे आणि तेवढ्या वजनाची वाळू जास्त घ्यायची. पावसाळ्यात ही एक वजावट राहून गेली तर राखेला नाहक दोष लागतो.

मिसळणे

सिमेंट आणि राख आधी कोरडीच, रंग एकसारखा होईपर्यंत मिसळा. राख एकटी मिक्सरमध्ये टाकली की ती ड्रमला चिकटते किंवा उडून जाते. ड्रममध्ये आधी सगळी खडी आणि तिसरा हिस्सा पाणी, एक फेरा, मग सिमेंट-राख, मग क्रश सॅण्ड, शेवटी उरलेल्या पाण्यात मिसळलेले सुपरप्लास्टिसायझर. संहितेत किमान दोन मिनिटे सांगितली आहेत; राखेसाठी तीन ते चार द्या, नाहीतर राखेच्या गुठळ्या राहतात. कापलेल्या क्यूबमध्ये फिक्या ठिपक्यांसारख्या त्या दिसतात, आणि तिथूनच क्यूब फुटतो.

आता स्लम्प, म्हणजे साचा उचलल्यावर ताजे काँक्रीट किती खाली बसते ते. शून्याच्या मिश्रणाला १०० मिमी आला असेल तर राखेच्या मिश्रणाला तो कमी येणारच. अशा वेळी गवंड्याचा हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो. तो हात तिथेच थांबवा. ३५ लिटरच्या घाण्यात अर्धा लिटर पाणी जास्त गेले तर पाणी-सिमेंट प्रमाण (सिमेंटमध्ये राख धरून) ०.५० वरून ०.५४ वर जाते, आणि राखेने मिळवलेले सगळे तिथेच संपते. सुपरप्लास्टिसायझर ०.१ टक्क्याने, म्हणजे १२ ग्रॅमने, वाढवा, एक मिनिट फिरवा, पुन्हा मोजा. उत्पादकाने दिलेल्या कमाल मात्रेपर्यंत जाऊनही ७५ मिमी येत नसेल, तर राख जाडी आहे किंवा तिच्यात कोळसा जास्त आहे. कोळसा पाण्याबरोबर सुपरप्लास्टिसायझरही शोषतो. परत दळायला किंवा भाजायला जा.

पाणी मारणे

राखेच्या काँक्रीटवर पाणी कमी सुटते. थापीखाली ते चिकट आणि छान लागते, पण पृष्ठभागाला वरून ओल मिळत नाही. पुण्यात मार्च ते मे दुपारची हवा कोरडी असते. अशा वेळी घातलेल्या कोब्यावर तासा-दोन तासांत केसासारख्या तडा पडतात. काम संध्याकाळी घ्या, फिनिशिंग झाले की लगेच प्लास्टिकचा कागद अंथरा आणि दुसऱ्या दिवसापासून ओले गोणपाट. दिवसातून दोनदा नळी मारून मधल्या वेळात वाळू देणे चालणार नाही. संहितेप्रमाणे नुसत्या ओपीसीला सात दिवस, राख घातली तर किमान दहा, आणि शिफारस चौदाची. आम्ही चौदाच्या खाली येऊ देणार नाही. राखेचे खरे काम पहिल्या आठवड्यानंतर सुरू होते, आणि तेव्हाच पाणी बंद केले तर राख घातल्याचा उपयोग उरत नाही.

क्यूब आणि त्यांचे वाचन

१५० मिमीचे साचे, तीन थर, हाताने ठोकत असाल तर प्रत्येक थराला ३५ ठोके. २४ तासांनी साचा सोडा आणि क्यूब २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा. बगॅसच्या राखेचा क्यूब २४ तासांनी कोपऱ्यात कच्चा वाटला तर आणखी काही तास थांबा, पण ते लिहून ठेवा.

न्यूटनमधला भार भागिले २२,५०० (क्यूबच्या एका बाजूचे चौरस मिमी) म्हणजे ताकद: ६३० किलोन्यूटनला फुटला तर २८ न्यूटन. तिन्ही क्यूबांपैकी एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून दूर असेल तर तो संच धरू नये. सात दिवसांचा आकडा शून्याच्या मिश्रणापेक्षा थोडा कमी आला तर घाबरू नका. २८ दिवसांना राखेचे मिश्रण बरोबरीला आले आणि २६.६ पार केले, तर राख आणि प्रमाण दोन्ही जमले. २८ ला मागे पण ५६ ला बरोबर असेल, तर राख बरी पण जाडी आहे. ५६ दिवस थांबता येईल अशा कामालाच वापरा. सात आणि २८ या दोन्ही वेळी साधारण सिमेंट कापले तेवढ्याच टक्क्यांनी मागे असेल, तर राख क्रिया करत नाही, नुसती जागा भरते आहे. २८ ते ५६ मध्ये काहीच वाढ नसेल तर आधी टाकीतल्या पाण्याची चौकशी करा, मग राखेची.

कामावर नेताना

सुरुवात गोठ्याचा कोबा, शेतातली वाट, गटाराचे अस्तर, कुंपणाच्या खांबांचा पाया, पीसीसी (सळईशिवायचे साधे काँक्रीट), पेव्हर ब्लॉक अशा कामांपासून करा. घराच्या कॉलम, बीम, स्लॅबमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी संमतीशिवाय राख घालू नका. आयएस ४५६ लाही निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची मान्यता लागतेच. मान्यता मिळाली तरी सेंटरिंग काढण्याचा दिवस कॅलेंडरवरून ठरवू नका. त्याच काँक्रीटचे क्यूब स्लॅबशेजारीच, स्लॅबसारखेच पाणी मारून ठेवा आणि ते फोडून ठरवा.

साइटवर १० टक्क्यांचा हिशेब पोत्यावर बसवता येतो, म्हणजे सिमेंट तोलावे लागत नाही. एक अख्खे ५० किलोचे ओपीसीचे पोते, साडेपाच किलो राख, २७.८ लिटर पाणी, ११९ किलो क्रश सॅण्ड, ८०.५ किलो १० मिमी आणि १२१ किलो २० मिमी खडी, ४४५ ग्रॅम सुपरप्लास्टिसायझर. यातून सुमारे १६३ लिटर काँक्रीट निघते आणि एका पोत्याच्या मिक्सरमध्ये हा घाणा मावतो. राखेच्या साडेपाच किलोच्या पिशव्या आदल्या दिवशीच तोलून, तोंड बांधून ठेवा. मिक्सरवरच्या माणसाने एका पोत्याला एक पिशवी एवढेच लक्षात ठेवायचे.

प्रत्येक खेपेच्या राखेचा अर्धा किलो नमुना काचेच्या बरणीत भरून त्यावर तारीख, गिरणी किंवा बॉयलर आणि जळण लिहा. नवी खेप आली की जुन्या बरणीशेजारी धरून रंग पाहा, ४५ मायक्रॉनची चाळणी करा आणि टिकली लावा. रंग काळवंडला किंवा चाळणीवर पाच टक्क्यांनी जास्त उरू लागले, तर ती खेप बाजूला ठेवून चाचणीचे मिश्रण नव्याने करा. गिरणीवाल्याने भट्टी बदलली, बॉयलर दुरुस्तीनंतर सुरू झाला किंवा नवा हंगाम लागला, तर रंग तोच दिसत असला तरी प्रयोगशाळेची चाचणी पुन्हा करा.